फौजदार दहाव्याला गेला

अनोळखी माणसाच्या दहाव्याला कुत्र्याचं पिल्लू घेऊन जाऊ नये. हे मला आता माहीत आहे. नांद्यापासून कासारसाईपर्यंत सगळ्यांनाच माहीत आहे, आणि ज्याला माहीत नसेल त्याला माझा व्हिडिओ दाखवण्यात येतो.

पण पहिल्यापासून सांगतो, म्हणजे यात माझी चूक किती कमी होती ते तुमच्या लक्षात येईल. (येणार नाही. तरी सांगतो.)

मंगल, म्हणजे माझी बायको, शेरडं पाळते. आमची बहुतेक जमीन अजून जमीनच आहे, पण तिच्या तिन्ही बाजूंनी टॉवर उभे राहिलेत. मागच्या हिवाळ्यात बिबट्या आला आणि मंगलची गाभण शेळी घेऊन गेला. टॉवरच्या बाराव्या मजल्यावरून लोकांनी त्याचे झकास फोटो काढले. खाली गोठ्यात आम्हाला सकाळी कळलं! मंगल दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला बसली आणि पहिल्या घासाला म्हणाली, "मला कुत्रं पायजे. सोफ्यावर बसणारं न्हाई. राखणीचं."

दिवाळी झाली, भात निघालं, आणि दरसालाप्रमाणे सोमा धनगराची मेंढरं आमच्या मोकळ्या खाचरांत बसायला आली. शेताला खत मिळतं, मेंढरांना चारा मिळतो. या साली सोमाच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक मी उचललं. तांबूस, जाड पायांचं, कपाळावर आठी असलेलं. अगदी पोलीस चौकीत बसल्यासारखं बघायचं, म्हणून मंगलनं नाव ठेवलं फौजदार.

"बिबट्याच्या बापाला भिणार न्हाई," सोमा म्हणाला होता.

ते खरं असावं. बिबट्याचा बाप अजून आलेला नाही. शेरडांत तर फौजदार पहिल्या दिवशी असा मिसळला, की मंगलला मोजताना एक शेरडू जास्त भरायचं. कावळ्यांवर तर त्याचा जन्माचा राग. आमच्याकडे कावळे फार. शेरडांचं आंबोण पळवतात, पाठीवर जखम असली की टोचत बसतात. मंगलनं शिकवून ठेवलं. तिनं नुसतं "कावळाऽऽ!" असं ओरडायचा अवकाश, फौजदार गोळीसारखा सुटायचा आणि गोठ्यात एक पीस शिल्लक ठेवायचा नाही.

घाबरायचा फक्त एका प्राण्याला. माणसाला!

मेंढरांत जन्मलेलं पोर ते. त्यानं आयुष्यात सोमा, सोमाची बायको आणि मेंढरं एवढंच जग पाहिलेलं. आणि आमच्या अंगणात माणसं म्हणजे काय थोडी? गोठ्याच्या समोरच आमच्या भाड्याच्या खोल्या. अमरावती, नांदेड, लातूर, पार बिहारपर्यंत सगळा देश तिथं राहतो आणि सकाळी हिंजवडीला कामाला जातो. पहिले चार दिवस फौजदार माणूस दिसला की गव्हाणीखाली शिरायचा. पाचव्या दिवशी त्याला शोध लागला, की माणसाची पाठ फिरली की मागून धरता येतं.

आणि त्यानं धरला तो वानखेडे. वानखेडे हा आमचा सगळ्यात जुना भाडेकरू. अमरावतीचा, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, आणि माणूस म्हणून इतका गरीब की खोलीत पाणी आलं नाही तर तोच आम्हाला सॉरी म्हणतो. त्याच्या पाठीवरच्या बॅगेचा पट्टा फौजदारानं तोंडात धरला आणि सोडेना.

"बबनभाऊऽऽ!" वानखेडे जागच्या जागी खांबासारखा उभा राहून ओरडत होता. "हे काहून पाळलं बाप्पा? मले कुत्र्याची लय भीती वाटते!"

"अहो, तो तुम्हाला घाबरून धरतोय!"

"तं मी काय करू? मी बी त्याले घाबरूनच उभा हावो!"

संध्याकाळी खोल्यांवाले सगळे मिळून आबांकडे गेले. आबा म्हणजे माझे वडील. एके काळी बैलगाडा शर्यतीत नाव असलेले, आता टीव्हीसमोर बसून निवेदकाला दम देणारे. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला हाक मारली.

"बबन्या, सोमाची मेंढरं या पट्ट्यातनं हलायच्या आत कुत्रं माणसाळलं पायजे. न्हाईतर जिथनं आणलं तिथं जाईल. भाडेकरू गेलं तर टॉवरच्या सावलीत बसून काय टाळ कुटायचं?"

मागून गोठ्याच्या दारातून मंगल म्हणाली, "कुत्रं गेलं तर मी बी पौडला वन्संकडं जाऊन राहीन."

वन्सं म्हणजे माझी धाकटी बहीण शालन. पौडला दिलीय. दोघींचं इतकं जमतं, की माझ्याविषयीची कुठलीही बातमी पौडला आधी पोचते आणि मग मला कळते. मंगल बोलली ते करते, हे मी लग्नापासून बघत आलोय. एकीकडे बाप, एकीकडे बायको, मध्ये मी आणि कपाळावर आठी घालून माझ्याकडे बघणारा फौजदार. मी छाती पुढे काढून म्हणालो, "माझ्यावर सोडा!"

(माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या संकटांची सुरुवात याच दोन शब्दांनी झालेली आहे.)

मी मोबाइलवर व्हिडिओ बघितला. कुठल्या तरी थंड देशातला अर्ध्या चड्डीतला माणूस सांगत होता, की राखणीच्या कुत्र्याला लहानपणीच तऱ्हेतऱ्हेची माणसं दाखवावीत. दाढीवाली, टोपीवाली, छत्रीवाली, काठीवाली, हेल्मेटवाली. प्रत्येकाच्या हातून खाऊ द्यावा. पिल्लाला कळतं, की परकं माणूस म्हणजे आनंद. त्याच्या घरासमोर हिरवळ होती आणि शेजारी ओळीनं हसत येत होते. माझ्या घरासमोर आबा होते.

मी आबांना डोक्यात हेल्मेट घातलं, एका हातात छत्री दिली, एका हातात काठी आणि मुठीत बिस्किट, आणि अंगणाच्या मधोमध उभं केलं. स्वच्छ ऊन पडलेलं. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबायचा.

"आबा, पाऊस कुटं हाय?"

"माझ्या पोराच्या डोक्यात!" हेल्मेटमधून आवाज यायचा.

फौजदारानं एकदाच बाहेर डोकावून पाहिलं आणि गव्हाणीखाली असा शिरला, की दुसऱ्या दिवशी मंगलनं दूध दाखवून काढला.

मग वानखेड्यावर प्रयोग केला. त्याच्या हातात बिस्किट दिलं आणि म्हटलं, "घाबरू नका, कुत्र्याला भीती कळते."

"मंग त्याले आतापर्यंत सगळंच कळलं असन," वानखेडे म्हणाला. बिस्किट धरलेला त्याचा हात इतका थरथरत होता, की फौजदारापर्यंत पोचेस्तोवर त्याचा भुगा झाला. फौजदार त्याच्याकडे बघून थरथरत होता, तो फौजदाराकडे बघून थरथरत होता, आणि दोघांना बघून माझे पाय लटपटत होते. तिघांनाही मंगलनं चहा दिला. (फौजदाराला बशीत.)

शेवटी मी त्याला गाडीवर पुढ्यात घेऊन हिंजवडीच्या बसस्टॉपवर गेलो. म्हटलं, इथे तर परक्या माणसांचा महापूर! पण तिथे कुणी थांबेल तर शपथ. सगळ्यांच्या कानात बोंडं, नजर मोबाइलमध्ये. मी बिस्किट पुढे करून म्हणायचो, "साहेब, जरा याला भरवता का?" तर साहेब मी काही तरी स्कीम विकतोय असं समजून पलीकडच्या फुटपाथला जायचे. एकानं न बघता "नो थँक्यू, हो गया मेरा" म्हटलं. एक बाई थांबली, तिनं फौजदाराबरोबर सेल्फी काढला आणि "कितने में दोगे?" विचारलं. तेवढ्यात तिथला वॉचमन काठी आपटत आला आणि त्यानं आम्हा दोघांना हाकललं. घरी आल्यावर फौजदार गव्हाणीखाली गेला. मलाही जावंसं वाटलं, पण जागा नव्हती.

तिकडे सोमानं निरोप पाठवला, "मेंढरं सोमवारी कासारसाईकडनं पुढं निघत्यात." शेवटचा रविवार उरला. आबांनी टीव्हीचा आवाज बारीक करून माझ्याकडे नुसतं पाहिलं. मंगल बॅग काढून तिची चेन चालते का ते बघत होती.

मी विचार केला. अशी जागा कुठली, जिथे शेकडो परकी माणसं येतात, पण गडबड करत नाहीत? लग्नात बँड, फटाके. बाजारात गोंधळ. जिथे सगळे शांत बसतात, हळू बोलतात, कुणाला कसली घाई नसते, आणि तू कोण, कुठला, कशाला आलास असं कुणी कुणाला विचारत नाही...

दहावा!

मला स्वतःच्या हुशारीनं घाम फुटला. आमच्या भागात दहाव्याला लग्नापेक्षा माणसं जास्त. आणि कुणाचा ना कुणाचा असतोच. दूधवाल्याकडून कळलं, की रविवारी सकाळी कासारसाईला धरणाच्या बाजूला एक मोठा दहावा आहे. कुणाचा, ते मी विचारलं नाही. मला मयताशी काय करायचं होतं? मला जिवंत माणसं हवी होती.

रविवारी सकाळी पांढरा शर्ट, पांढरी टोपी घालून, खिशात बिस्किटाचे पुडे आणि पुढ्यात फौजदार घेऊन मी कासारसाईला पोचलो. मागच्या बाजूनं गेलो. श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स होता, पण मला दिसत होती त्याची पाठ. (हीच ती चूक. बाकी सगळं तिच्या पोटातून निघालं.)

सुरुवात इतकी छान झाली म्हणता! मागच्या रांगेत पाच-सहा म्हातारे उकिडवे बसले होते. मी एकेकाच्या हातात बिस्किट ठेवलं. दुखवट्याच्या घरचं वाटतात तसं काही असेल असं समजून दोघांनी ते स्वतःच खाल्लं. पण तिसऱ्यानं फौजदाराकडे न बघता हात खाली सोडला, आणि फौजदारानं, अंग आखडून, मान लांब करून, पण खाल्लं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारचा म्हातारा माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "लई जवळचा व्हता वाटतं?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

त्यानं पुढच्याला सांगितलं, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला, आणि थोड्या वेळानं माईकवर नावं पुकारणारा माणूस वाकून वाकून माझ्यापाशी आला.

"पाव्हणं कुटलं?"

"नांद्याचा. आबांचा मुलगा. बबन."

"कोण आबा? शर्यतीतलं?"

"हो."

तो दोन पावलं मागे सरकला. माझ्याकडे बघितलं, फौजदाराकडे बघितलं, आणि पळतच माईककडे गेला.

"बंधू-भगिनींनो," त्याचा आवाज भरून आला होता, "आज या घाटावर एक इतिहास घडतोय! ज्या नांद्याच्या आबांशी आपल्या तात्यांचं बैलगाड्याच्या शर्यतीपासून हाडवैर, त्या आबांचे चिरंजीव, जुनं सगळं विसरून, डोळ्यात पाणी घेऊन, दत्तोबा तात्यांना निरोप द्यायला आलेत! मी त्यांना विनंती करतो..."

दत्तोबा!

दत्तोबा म्हणजे आबांचा एक नंबरचा वैरी. माझ्या लहानपणी एका शर्यतीत कुणाचा गाडा आधी पोचला यावरून दोघांची जुंपली, ती कधी मिटलीच नाही. तो गेल्याचं आमच्या घरी सांगायची हिंमतही कुणी केली नव्हती. आमच्याकडे अडेल बैलाला दत्तोबा म्हणतात. मोटार चालू झाली नाही तर मोटारीला दत्तोबा म्हणतात. आणि मी त्याच्या दहाव्याला, टोपी घालून, बिस्किटं वाटत!

पळून जावं म्हटलं तर सगळा घाट वळून माझ्याकडे बघत होता. मी गेलो. एका हातात माईक, दुसऱ्या हातात फौजदाराची दोरी, आणि फौजदार माणसांना भिऊन माईकच्या टेबलाखाली दडलेला. समोर दत्तोबांचे दोन गोटा केलेले मुलगे हात जोडून उभे. खोटं बोलायचं नाही आणि मारही खायचा नाही, एवढंच ठरवून मी तोंड उघडलं.

"दत्तोबांचं नाव आमच्या घरात रोज घेतलं जातं," मी म्हणालो.

गर्दीतून "अरारारा" असा कळवळ्याचा आवाज आला.

"एक दिवस असा जात नाही, की आबांना त्यांची आठवण येत नाही. विशेषतः सकाळी मोटार चालू करताना."

थोरला मुलगा डोळे पुसायला लागला. मला जरा जोर चढला. "असा माणूस पुन्हा होणे नाही! त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही..."

इथे मात्र बऱ्याच जणांना एकदम खोकला आला. पुढे कळलं, की समोर बसलेल्यांतले निम्मे लोक दत्तोबांशी कोर्टात भांडत होते.

तेवढ्यात पलीकडे पानांवर पिंड मांडून झाले होते. लोक मागे सरकले. भात, दही, दत्तोबांना आवडणारी कांदाभजी, एका बाजूला तंबाखूची चिमूट. उंबरावर कावळे जमले होते. एक खाली झेपावला आणि घाटभर सगळे आनंदानं ओरडले,

"कावळाऽऽ! कावळा आला!"

माझ्या हातातून दोरी कधी निसटली ते कळलंच नाही.

फौजदार सुटला. परक्या माणसांच्या शेकडो पायांतून, एकालाही न बुजता! (एक क्षण मला इतका अभिमान वाटला म्हणता!) दुसऱ्या क्षणी कावळा उंबरावर होता, आणि फौजदार पिंडांच्या समोर, कपाळावर आठी घालून, शेपूट ताठ करून, ड्युटीवर.

भज्यांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या बिस्किटांनी पोट टम्म झालेलं. आणि मंगलच्या हाताखालचं पोर, राखायची वस्तू खायची नाही हे त्याच्या रक्तात!

"कुणाचं हाय रं ते कुत्रं?" कुणी तरी खेकसलं.

एव्हाना मी माईक ठेवून गर्दीत मिसळलो होतो. प्रसंगावधान राखून मीही ओरडलो, "अरे हो, कुणाचं आहे ते कुत्रं?"

माझा आवाज ऐकताच फौजदारानं वळून माझ्याकडे बघितलं आणि प्रेमानं शेपूट हलवलं. सगळ्या घाटानं त्याच्या नजरेमागे नजर वळवली. मी मागे वळून माझ्यामागच्या माणसाकडे बघितलं. माझ्यामागे धरण होतं.

धाकट्या मुलानं दगड उचलला. मी हात जोडून पुढे होणार, एवढ्यात एक करकरीत आवाज आला.

"हात लावशील तर बघ!"

दत्तोबांची थोरली बहीण. दात नसलेली, काठी टेकत आलेली आत्या. ती फौजदारापासून चार हातांवर उभी राहून त्याला निरखत होती. फौजदार गुरगुरला.

"दत्तू हाय त्यो," आत्या म्हणाली. "आसाच आठ्या घालायचा. आसाच गुरकायचा. आरं, त्याची काय तरी इच्छा ऱ्हायलीया, म्हणून कावळ्याला शिवू दीना!"

दगड खाली पडला. आता मी पुढे होऊन "हा दत्तोबा नाही, हा माझा फौजदार आहे" असं सांगायचं म्हणजे आत्याच्या काठीला आमंत्रण. मी गप्प बसलो. गप्प बसण्याइतकं भीतीचं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

थोरला हात जोडून पुढे आला. "तात्या, बांधाची केस मागं घेतो."

"कावळा आला, कावळाऽऽ!" लोक ओरडले. फौजदार सुटला. कावळा उडाला.

"तात्या, विहिरीचं पाणी दोघं सारखं घेऊ," धाकटा म्हणाला. "त्याची पाळी मी न्हाई चोरणार."

"चोरत व्हतास व्हय रं?" थोरला वळून म्हणाला.

"आता न्हाई म्हणलं ना!"

"कावळाऽऽ!" फौजदार सुटला. कावळा उडाला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाबांनो, तो शब्द तेवढा उच्चारू नका! पण ज्या दहाव्याला आलेल्या प्रत्येकाचं लक्ष कावळ्याकडे आहे, तिथे तो शब्द कसा थांबवणार?

मग पुढाऱ्यांनी तात्यांच्या नावाची कमान कबूल केली. पुतण्यानं दारू सोडली. कुणी तरी दत्तोबांचा उसना नेलेला पंप परत द्यायचं कबूल केलं. फौजदार ढिम्म.

आत्यानं काठी आपटली. "ह्यातलं काय बी न्हाई. ज्याची त्याला म्हाईत हाय इच्छा." आणि तिनं बायकांच्या घोळक्याकडे बघितलं.

तिथे शेवटी एक बाई उभी होती. साधं लुगडं, हातात कापडी पिशवी. दत्तोबांची मुलगी सुलाबाई. ती कुणाकडेच बघत नव्हती.

थोरल्याचा चेहरा पडला. "आत्ये, सुलीनं हक्कसोडीची सही केलीय की."

"तिनं केली. दत्तूनं मान्य केली का? शेवटच्या दिसाला काय म्हणत व्हता, सांगू का हितं माईकवर?"

धाकट्यानं थोरल्याकडे बघितलं, थोरल्यानं फौजदाराकडे. फौजदारानं, देवाशप्पथ सांगतो, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"सुलीला तिचा वाटा देतो," थोरला पुटपुटला.

"मोठ्यानं!"

माईकवाल्यानं अगत्यानं माईक पुढे केला. (तो असल्या कामात फार तत्पर.) आणि धरणाच्या पाण्यावरून आवाज घुमला, "सुलीला तिचा वाटा देतो! रस्त्याकडंचा!"

सुलाबाई मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. आणि मग जे झालं, त्यासाठी मी महिनाभर जिवाचं रान केलं होतं. फौजदारानं कान टवकारले, नाक वर केलं, पिंड सोडले, आणि भरल्या घाटातून चालत चालत त्या परक्या बाईपाशी गेला. तिनं ना बिस्किट दाखवलं, ना छत्री, ना त्याच्याकडे पाहिलं. फौजदारानं तिचा पदर हुंगला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मागून कळलं, की सुलाबाईचीही शेरडं आहेत, आणि पहाटे त्यांचं बघूनच ती निघाली होती. घाटावर त्या क्षणी मात्र आत्यासकट सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. तिचा हात त्याच्या पाठीवरून फिरत होता आणि त्याच्या कपाळावरची आठी पहिल्यांदाच सुटली होती.

मागे पिंडावर कावळे तुटून पडले. "कावळा शिवला!" असा एकच गलका झाला, पण फौजदारानं डोळासुद्धा उघडला नाही.

मी घरी पोचायच्या आधी व्हिडिओ पोचला होता. आबा टीव्ही बंद करून बसले होते. (टीव्ही बंद म्हणजे परिस्थिती गंभीर!) हातात मोबाइल. त्यातून माझाच आवाज येत होता, "असा माणूस पुन्हा होणे नाही!"

"न्हाईच व्हनार," आबा म्हणाले. "एकदा झाला तेवढा बास झाला." मग मोबाइल पालथा ठेवला. मी दारातच उभा, फौजदार माझ्या पायांशी. शेवटी आबा म्हणाले, "पण बबन्या, गाडा त्याचाच आधी पोचला व्हता. कुणाला बोलू नगं."

तेवढ्यात वानखेडे बाजारातून आला. फौजदार उठून त्याच्याकडे चालत गेला. वानखेडे खांब झाला. फौजदारानं त्याचा बूट हुंगला, एकदा शेपूट हलवलं आणि गोठ्यात निघून गेला.

"काहीच केलं नाही बाप्पा यानं!" वानखेडे इतका खूश झाला, की त्यानं जाताना बिस्किटाचा अख्खा पुडा ठेवला. सोमवारी सोमाची मेंढरं पुढे गेली, फौजदार राहिला, आणि मंगलनं बॅग पुन्हा माळ्यावर टाकली.

सगळं नीट झालं असं वाटलं ना? मलाही वाटलं.

परवा पौडहून शालनचा फोन आला. व्हिडिओ तिनंही बघितलेला. मंगलनं पाठवला होता.

"दादा, फौजदार बराय का?"

"बराय की."

"खाणंपिणं नीट बघ हां त्याचं. दूध देत जा, मी दुधाचे पैसे पाठवते. त्याला कुटं देऊ-बिऊ नका. आबांना अजून लई आयुष्य हाय, देव करो शंभरी गाठोत. पर कुत्रं तवर दणकट ऱ्हायलं पायजे."

"का गं?"

"आसंच," शालन म्हणाली, आणि हसत हसत फोन ठेवला. गोठ्यातून मंगलच्याही हसण्याचा आवाज आला.

तेव्हापासून मला नीट झोप नाही. शालनचीही हक्कसोडीची सही आमच्या कपाटात आहे. माणसांची भीती गेली, ते काम झालं. आता रोज सकाळी, मंगल दूध घालायला गेली की मी फौजदाराला घेऊन गोठ्यामागे उंबराखाली बसतो. एका हातात भजी, दुसऱ्या हातात त्याचं मानगूट, आणि हळू आवाजात त्याला समजावतो, की बाळा, कावळासुद्धा आपलाच आहे.